बटण दाबण्यापलीकडे

एक्स-रे टेक्निशियनने पगार मागावा तो कशाचा, बटण दाबण्याचा? गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचा हा सवाल खटकणारा आहे.

मोटारसायकलवरून पडलेल्याचा सुजलेला पाय हलक्या हाताने कॅसेटवर घ्यायचा, कोन साधायचा, किरणांचे केव्ही-एमएएस (जोर आणि प्रमाण) ठरवायचे. चुकले की फिल्म पुन्हा, म्हणजे रुग्णाला किरणेही पुन्हा. टेक्निशियनच्या स्वतःच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज असतो. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, ही अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा.

आणि याचा पगार? धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने, जळगावात २०१८ पासूनचे. अशा सरकारी ठिकाणी कायम जागा मिळाली तर वेतन आयोगाप्रमाणे पगार. खासगीत मालक देईल ते.

२०२१च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला नोंदणी दिली, राष्ट्रीय आयोग दिला. त्यात खासगीतला किमान पगार मात्र ठरला नाही, आणि तो ठरलाच पाहिजे. सीटी-एमआरआय शिकलेली खान्देशची पोरं नाशिक-पुण्याची गाडी धरतात, ती हौसेने नव्हे.