विश्लेषण : यमाल घडवणारी अकादमी आणि फी घेणारी ‘अकादमी’… फरक नेमका कुठे?

१४ जुलै २०२४ रोजी बर्लिनमध्ये स्पेनने इंग्लंडला २-१ असे नमवून युरो करंडक जिंकला. त्या संघातील लामिन यमाल आदल्याच दिवशी १७ वर्षांचा झाला होता. स्पर्धा सुरू असताना सामन्यांच्या मधल्या वेळेत तो शाळेचा अभ्यासही करत होता. यमाल घडला बार्सिलोना क्लबच्या ‘ला मासिया’ या अकादमीत. असे यश पाहिले की आपल्याकडचे पालकही मुलासाठी ‘अकादमी’ शोधू लागतात. मात्र या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. त्या ओळखण्याची सोपी खूण एकच : पैसा कोणाच्या खिशातून कोणाकडे जातो?

ला मासिया म्हणजे काय?

मासिया म्हणजे कॅटलान भाषेत शेतावरचे घर. बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ स्टेडियमशेजारी १७०२ मध्ये बांधलेले असे एक दगडी घर होते. १९७९ मध्ये क्लबने तेथे बाहेरगावच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. २०११ मध्ये ते शहराबाहेरच्या सराव संकुलातील नव्या इमारतीत हलले, पण नाव तेच राहिले. आंद्रेस इनिएस्टा वयाच्या १२व्या वर्षी शेकडो किलोमीटर दूरच्या खेड्यातून येथे आला. लिओनेल मेसी २००० मध्ये अर्जेंटिनाहून आला तेव्हा १३ वर्षांचा होता आणि त्याच्या वाढीवरील उपचारांचा खर्च उचलण्याची तयारी क्लबने दाखवली. निवड झालेल्या मुलाच्या राहण्या-जेवण्याचा, प्रशिक्षणाचा भार क्लबवर असतो. मुलाने शाळा सोडायची नाही, हा नियमही तितकाच जुना.

मुलांना तेथे वेगळे काय शिकवतात?

सर्वात प्रसिद्ध सराव म्हणजे ‘रोंडो’. मुले गोल करून उभी राहतात, एक-दोघे मध्ये असतात आणि बाहेरच्यांनी चेंडू त्यांच्या हाती न लागू देता एकमेकांकडे फिरवायचा. दिसायला हा पोरखेळ, पण चेंडू येण्याआधीच आजूबाजूला पाहून निर्णय घेण्याची सवय यातून लागते. १९८८ मध्ये योहान क्रायफ प्रशिक्षक झाल्यानंतर मुख्य संघाची शैली खालच्या वयोगटांपर्यंत नेण्यावर भर देण्यात आला. त्यामुळे वरच्या संघात गेलेल्या मुलाला खेळ नव्याने शिकावा लागत नाही.

निवडीत उंची आणि ताकदीपेक्षा खेळाची समज पाहिली जाते, हेही महत्त्वाचे. युरोपातील वयोगट फुटबॉलमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर निवडली जातात, हे वारंवार दिसून आले आहे. बारा वर्षांच्या गटात दहा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत आणि ताकदीत मोठा फरक. प्रशिक्षकाला तो गुणवत्तेचा वाटतो. आपल्याकडे याच फायद्यासाठी थेट वयचोरी होते. दोन्हीकडे बळी जातो तो लहान चणीच्या, पण हुशार मुलाचा.

क्लब इतका खर्च का करतो?

हे समाजकार्य नाही. क्लबला परतावा दोन मार्गांनी मिळतो : मुलगा मुख्य संघात खेळतो किंवा दुसरा क्लब त्याला विकत घेतो. थियागो अल्कांतारा २०१३ मध्ये सुमारे अडीच कोटी युरोंना बायर्न म्युनिककडे गेला, तो ला मासियाचाच खेळाडू. म्हणजे मुलगा घडला तरच क्लबचा पैसा वसूल होतो. संयम ठेवण्याचे आणि मुलाला खरे सांगण्याचे कारण या हिशेबात आहे.

छोट्या क्लबलाही वाटा मिळावा म्हणून ‘फिफा’चा नियम आहे. करार सुरू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये विभागला जातो. १२ ते १५ या चार हंगामांसाठी प्रत्येकी ०.२५ टक्के, तर त्यापुढील आठ हंगामांसाठी प्रत्येकी ०.५ टक्के. समजा, एखाद्या मुलाला ही पहिली चार वर्षे गल्लीतल्या क्लबने शिकवले आणि पुढे त्याची बदली १० कोटी रुपयांना झाली, तर त्या क्लबला १० लाख मिळू शकतात. अट एकच, त्या वर्षांत मुलाची त्या क्लबकडे अधिकृत नोंदणी हवी. ती नसेल तर शिकवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

वरचे दार बंद असेल तर?

तर उत्तम अकादमीही वसतिगृहच राहते. २००८ मध्ये पेप गार्डिओला मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले. त्याआधीच्या हंगामात ते ज्या दुय्यम संघाचे प्रशिक्षक होते, तो स्पेनच्या चौथ्या स्तरावर खेळत होता. त्यातील सर्जिओ बुस्केट्स आणि पेद्रो यांना त्यांनी वर आणले. दोनच वर्षांनी, २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या पहिल्या अकरा जणांत हे दोघे होते. ला मासियाचे एकूण सहा जण त्या संघात होते.

पुढे क्लबने महागडे खेळाडू घेण्याचा सपाटा लावला आणि दार किलकिले झाले. कर्ज वाढले, २०२१ मध्ये मेसीलाही सोडावे लागले. खरेदीला पैसा नव्हता, तेव्हा पुन्हा गावी, बाल्दे, कुबार्सी आणि यमाल यांची पाळी आली. यमालने एप्रिल २०२३ मध्ये पदार्पण केले तेव्हा तो १६ वर्षांचाही नव्हता. दार तत्त्वाने उघडले की गरजेने, हा वाद बाजूला ठेवला तरी निष्कर्ष तोच राहतो : जागा मिळाल्याशिवाय गुणवत्ता दिसत नाही.

सगळेच यमाल होतात का?

नाही, बहुतेक मुले मुख्य संघापर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचलेल्यांचीही वाट सोपी नसते. बोयान क्रिकिच २००७ मध्ये १७व्या वर्षी बार्सिलोनाकडून खेळला, लगेच ‘नवा मेसी’ ठरला. या दडपणातून त्याला चिंतेचे झटके येऊ लागले आणि तो २००८ च्या युरो स्पर्धेपासून दूर राहिला, हे त्याने नंतर स्वतः सांगितले. म्हणूनच अकादमीची खरी परीक्षा पोस्टरवरच्या चेहऱ्यांनी होत नाही. ज्यांना ‘तुझे येथे जमणार नाही’ असे सांगावे लागते, त्यांच्या हाती शिक्षण आणि दुसरा मार्ग आहे का, यावर ती होते.

परदेशी क्लबच्या नावाने होणाऱ्या निवड चाचण्यांचे काय?

येथे पालकांनी एक नियम लक्षात ठेवावा. १८ वर्षांखालील खेळाडूची दुसऱ्या देशातील क्लबकडे नोंदणी करण्यास ‘फिफा’ची मनाई आहे. अपवाद मोजके. उदाहरणार्थ, फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने पालकच त्या देशात राहायला गेले असतील तर. युरोपीय संघांतर्गत बदलीसाठी १६ वर्षांची सवलत आहे, पण भारतातून थेट जाणाऱ्या मुलाला ती लागू होत नाही. अल्पवयीन परदेशी खेळाडूंबाबतचे नियम मोडल्याबद्दल २०१४ मध्ये खुद्द बार्सिलोनावर कारवाई झाली आणि त्यांना २०१५ मध्ये दोन्ही खरेदी हंगामांत नव्या खेळाडूंची नोंदणी करता आली नाही. तेव्हा ‘१४ वर्षांच्या मुलाची युरोपच्या क्लबमध्ये थेट निवड’ असे कोणी पैसे घेऊन सांगत असेल, तर सावध व्हावे.

महाराष्ट्रात चित्र काय?

नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी २०१५ पासून शिष्यवृत्तीवर मुले घडवते. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. म्हणजे मार्ग आहेत, पण ते अरुंद आहेत. दुसरीकडे, २०१४ मध्ये सुरू झालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. मुलगा १२व्या वर्षी आला तर मुख्य संघासाठी तयार व्हायला सहा-सात वर्षे लागतात. क्लबचे आयुष्यच पाच वर्षांचे असेल, तर अकादमी वर नेणार कुठे?

कोल्हापूरच्या तालमींकडे पाहिले तर वेगळी ताकद दिसते. पाटाकडील किंवा खंडोबा तालीम कोणा एका मालकाच्या मर्जीवर उभी नाही, तिच्यामागे पेठ आहे. शाहू स्टेडियमवर सामन्याला होणारी गर्दी त्याचीच साक्ष. टिकून राहण्याची ही ताकद आणि वयोगटांची शिस्तशीर बांधणी एकत्र आली, तर महाराष्ट्राला स्वतःचे उत्तर सापडू शकते.

मग पालकांनी काय करावे?

फी घेऊन खेळ शिकवणे हा गुन्हा नाही. मुलाला मैदान, व्यायाम, मित्र मिळतात, हेही थोडे नाही. फक्त तो खेळाचा क्लास आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. फीवर चालणाऱ्या संस्थेला मुलाला ‘नाही’ म्हणणे परवडत नाही, कारण प्रत्येक नकारामागे एक फी जाते. त्यामुळे दहावीचे वर्ष सोडण्यापूर्वी किंवा बचत मोडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : मुलाची महासंघाकडे नोंदणी होणार का? वर्षाला किती स्पर्धात्मक सामने मिळणार? येथून गेल्या काही वर्षांत कोण, कोणत्या संघात खेळले? आणि जमले नाही, तर शाळेचे काय? उत्तरे टाळली गेली, तर तो क्लास समजावा आणि क्लासला द्यावी तेवढीच फी द्यावी.