आवाज आल्यावरच बदलायचं?

ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचं व्हील बेअरिंग कधी बदलायचं? हॉस्टेलवर उत्तर ठरलेलं: ‘आवाज आला की बघू!’ मला हे अजिबात पटत नाही. बॉल बेअरिंगवरचा लोड दुप्पट झाला, तर आयुष्य उरतं १/८, हे आपण पेपरात लिहितो. चिकट टायर लावून जोरात वळणं घेतली की लोड वाढणारच. शिवाय एल-टेन लाइफ म्हणजे गॅरंटी नव्हे. तोवर १०० पैकी १० बेअरिंग गेलेली धरायची.

म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा, फिरवून बघा. बेअरिंगमध्ये प्ले किंवा खरखर असेल तर बदला. तासांची वही ठेवा. ठरवलेले तास भरले, की आवाज नसला तरी बदला. पैसे वाचवून ड्रायव्हरचा जीव टांगणीला लावणं, याला इंजिनिअरिंग म्हणत नाहीत राव!