तिसरा तंबोरा

गेल्या महिन्यांत मिरजेहून आमच्या घरीं नवा तंबोरा आला. दिवाणखान्यांत आधींच दोन तंबोरे आहेत. एक आजोबांचा, दुसरा वडिलांचा. तेव्हां हा तिसरा कशासाठीं, असा प्रश्न निघाला यांत नवल नाहीं. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, संग्रह करावयाचा म्हटलें तर त्याला अंत नाहीं. आणि हातांत मावणारें यंत्र अष्टौप्रहर सूर देत असतां हा खटाटोप कशाला?" आक्षेप अगदींच अनाठायीं नव्हता. जें वाजत नाहीं तें वाद्य म्हणजे अडगळ, असें माझेंही मत आहे. म्हणूनच या तिसऱ्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

घरांतले दोन्ही तंबोरे मर्दानी घाटाचे, सुमारे पांच फूट लांबीचे. पुरुषांचा षड्ज साधारणतः काळी एक किंवा दोनच्या आसपास असतो. तारांची लांबी आणि जाडी त्या मानानें ठरविलेली असते. स्त्रियांचा षड्ज पुष्कळदां काळी चारच्या जवळपास लागतो. लांब तार तेथवर चढविली तर तुटते. बारीक तार घातली तर नाद पातळ होतो. त्यासाठीं आंखूड दांडीचा जनानी तंबोरा निराळाच करावा लागतो.

ही साधी गोष्ट आमच्या घरांत तीन पिढ्या कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. आमच्या आत्याबाई लहानपणीं गात असत, परंतु आजोबांच्या तंबोऱ्यावर, आजोबांच्या पट्टींत. मंद्रांत आवाज पोहोंचत नसे. "हिला गळा नाहीं" असा निकाल वडीलमंडळींनीं दिला आणि आत्याबाईंनींही तो निमूटपणें मानला. गेल्या वर्षीं बंधूंची मुलगी त्याच तंबोऱ्यावर गावयास बसली, आणि तोच निकाल पुन्हां लागण्याची वेळ आली. सुदैवानें तिला शिकविणाऱ्या बाईंनीं सांगितलें, "गळा चांगला आहे, तंबोरा तिचा नाहीं."

मग पुतणीस घेऊन मी मिरजेस गेलों. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजांतील फरीदसाहेबांनीं १८५० च्या सुमारास येथें तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. तलवारीचें काम कमी होऊं लागलें तसा तो हात तारांकडे वळला. तेथील सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. ज्या कारागिराकडे आम्ही गेलों त्यांनीं किंमतीचें बोलण्यापूर्वीं विचारलें, "गाणार कोण?" मुलीस पुढें बसवून त्यांनीं तिच्याकडून षड्ज लावून घेतला, आणि मगच भोपळा निवडला.

हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांत होतात. ते पुष्कळ दिवस वाळवितात, मग पाण्यांत भिजवून कापतात आणि आंतून साफ करतात. तबली व दांडी तुणीच्या लांकडाची. परंतु खरें कसब शेवटीं, जवारी काढण्यांत. घोडीचा माथा किंचित् उतरता घासावयाचा आणि तार व घोडी यांमध्यें सुताचा दोरा केसभर पुढेंमागें सारावयाचा. दोरा जागेवर आला कीं नाद एकदम उमलतो. तार जेथें छेडावी तेथें ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदु पडतो ते उपस्वर उमटूं नयेत, असा सामान्य नियम आहे. तंबोऱ्यांत मात्र ते या वक्र घोडीमुळें स्पष्ट उमटतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें. कारागिरानें तो निबंध वाचला नसेल. त्याचा कान तें जाणतो.

यंत्राविषयीं माझा राग नाहीं. प्रवासांत तें सोयीचें आहे. पण त्याचा सूर आयता मिळतो. तंबोरा आधीं जुळवावा लागतो, आणि त्या अर्ध्या तासांत जो कान तयार होतो तो पुढें गळ्यास सांभाळतो.

तंबोरा घरीं आला त्या दिवशीं पुतणीनें तो जुळविला. आत्याबाई आतां ऐंशी वर्षांच्या आहेत. त्या माजघरांतून येऊन शेजारीं बसल्या. थोड्या वेळानें त्यांनीं तंबोरा मांडीवर मागून घेतला, तारांवरून बोटें फिरविलीं आणि हलकेंच षड्ज लावला. आवाज थकलेला होता, पण सूर जागेवर होता. कोणी कांहीं बोललें नाहीं. बोलण्यासारखें आम्हां पुरुषांपाशीं कांहीं नव्हतेंच.

ज्यांच्या घरीं भिंतीला वडिलोपार्जित तंबोरा आहे, त्यांनीं तो अवश्य जपावा. पण तो कोणाच्या गळ्यासाठीं केलेला आहे, आणि घरांत आज गाणारें कोण आहे, हेंही एकदां पाहावें.

नव्या तंबोऱ्याला गवसणी हवी होती. ती दुसऱ्याच दिवशीं, कोणी न सांगतां, बंधूंनीं शिवावयास टाकली.