ट्रम्पेटवाला चिक

सी. रामचंद्रांचं नाव निघालं की वय विसरून गायला लागणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. ‘अलबेला’ (१९५१) लागला की बोलणं मराठीत चाललंय की कन्नडमध्ये, याचं भान कुणाला राहत नाही. भगवानदादांच्या त्या सैल, झुलत्या नाचाला भाषा लागतच नाही. पण याच चित्रपटात नाचाच्या एका गाण्यात झालरीचे शर्ट घातलेला वाद्यवृंद पडद्यावर येतो आणि त्यात ट्रम्पेट वाजवणारा एक माणूस दिसतो. परवा टीव्हीकडे बघता बघता आमच्या हिने विचारलं, ‘‘यार्री इंवा?’’ प्रश्न साधा होता. उत्तर मात्र थोडं लांबचं आहे.

त्याचं नाव आंतोनियो झेवियर वाझ. १९१६ साली गोव्यातल्या बार्देशात, हळदोण्याला जन्मलेला. मुंबईत सगळे त्याला चिक चॉकलेट म्हणत. आई लाडाने ‘चिको’ म्हणायची, त्याचं ‘चिक’ झालं, असं सांगतात. (कलावंताला एकेरीत बोलावण्याची आपली रीत आहे, म्हणून मीही ‘तो’ म्हणतो आहे. अनादर समजू नये.)

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चना जोडून संगीतशाळा असत. पाच रेघांवर लिहिलेले सूर वाचायला तिथे पोरं लहानपणीच शिकत. हातात व्हायोलिनही येई. पण गावात या विद्येवर पोट भरत नसे. मग मुंबई. कुणी बोटीने जाई, तर कुणी कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्यामार्गे रेल्वेने. आपल्या स्टेशनावरून वाद्यांच्या पेट्या घेतलेली अशी किती माणसं गेली असतील!

त्या काळात मुंबईत बड्या हॉटेलांचे नाचाचे दिवाणखाने जोरात होते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन निग्रो वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला; तो १९४५ मध्ये कलकत्त्याला पटकीने वारला. गोव्याच्या पोरांनी या लोकांशेजारी बसून जाझ उचललं. चिकचं दैवत होतं लुई आर्मस्ट्राँग. तसाच हातात रुमाल, तसाच घोगरा आवाज काढून गाणं. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायला लागले. स्वतःचा ताफा घेऊन तो ताजमध्ये वाजवू लागला.

हे ‘बिग बँड’ प्रकरण समजायला अवघड नाही. दहा-पंधरा वादक असतात. ट्रम्पेटवाले एका बाजूला, सॅक्सोफोनवाले दुसऱ्या बाजूला, मागे ड्रम, पियानो आणि जाडा बास. एका गटाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची. आपल्या भजनात बुवा आणि टाळकरी करतात तेच. फरक इतकाच की इथे कुणी काय वाजवायचं ते बरंचसं कागदावर लिहिलेलं असतं, आणि मध्येच एकजण उठून कागद बाजूला ठेवून स्वतःचं वाजवतो. चिक उठायचा तो या वेळी.

पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली. कायदा १९४९ चा. रात्रीच्या नाचघरांची रया गेली आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. स्टुडिओंनाही ते हवेच होते. आपले संगीतकार पेटीवर चाल बांधत, गळ्याने सांगत. पण चाळीस-पन्नास वादकांना ती एकदम वाजवायची तर प्रत्येकाच्या वाट्याचं वेगळं लिहून काढावं लागतं. ट्रम्पेटने कुठे शिरायचं, व्हायोलिनने खाली काय धरायचं, दोन ओळींमधली जागा कशाने भरायची, हे सगळं कागदावर उतरवणारा माणूस लागतो. याला अरेंजर म्हणतात. पडद्यावर त्याचं नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून, नाहीतर नाहीच. सी. रामचंद्रांसाठी हे काम चिक करत असे.

इथे दोन टोकं बोलली जातात. एक म्हणतं, सगळी करामत गोवेकरांची, नाव मात्र दुसऱ्याचं. दुसरं म्हणतं, ते नुसते वाजवणारे. मला दोन्ही पटत नाहीत. चाल अण्णांची, याविषयी वाद नको. पुणतांब्याचा हा माणूस विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला. त्याच्या चालीत आपली माती आहे. पण ‘अलबेला’तली गाणी नुसती पेटीवर वाजवून बघा. चाल जाग्यावर असते, आणि पाय मात्र हलत नाहीत. पाय हलवणारी जी चीज आहे, ती ताजच्या नाचघरातून आली आणि ती आणणाऱ्यांत चिक पुढे होता. त्याचं नाव घेतल्याने अण्णा तसूभरही लहान होत नाहीत. उलट योग्य माणूस हेरण्याची त्यांची नजर दिसते. हे श्रेय आपण मराठी रसिकांनी आपणहून द्यायला हवं होतं. सी. रामचंद्रांवर तासन् तास बोलणारे आपण, चिकवर पाच मिनिटं बोलत नाही.

आणि चिक नुसता दुसऱ्याच्या चाली सजवणारा होता असंही नाही. १९५१ सालीच देव आनंद आणि मधुबालाचा ‘नादान’ आला. त्यातलं तलत महमूदचं ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ तुमच्यातल्या अनेकांच्या संग्रहात असेल. मऊ, कुजबुजल्यासारखं गाणं. संगीत कुणाचं, असं जाणकारांना विचारून बघा. कुणी अनिल विश्वासांचं नाव घेईल, कुणी मदनमोहनचं. ती चाल चिक चॉकलेटची आहे. रात्रभर ताजमध्ये ट्रम्पेट फुंकून लोकांना नाचवणाऱ्या माणसाने तलतचा कापरा आवाज इतक्या हळुवारपणे सांभाळला!

१९६७ साली, जेमतेम पन्नाशी गाठून चिक गेला. तोवर सिनेमाच्या गाण्यात गिटार आणि ट्विस्ट येऊन स्थिरावले होते. ‘नादान’चं ते गाणं यूट्यूबवर सहज मिळतं. पण खाली बहुतेक वेळा तलतचंच नाव असतं.