जाणाऱ्याला जाब विचारण्यापूर्वी करार वाचा : डॉक्टर-परिचारिकांच्या स्थलांतराचा इतिहास

१/
एखादा डॉक्टर किंवा एखादी परिचारिका नोकरीसाठी परदेशी निघाली, की घरात पेढे वाटले जातात आणि बाहेर 'शिकले इथल्या पैशावर, सेवा मात्र परक्यांची' असे बोल ऐकू येतात. कौतुक असो वा दूषण, दोन्हींत स्थलांतर हा एका व्यक्तीचा निर्णय मानला जातो. इतिहास याहून निराळे सांगतो. आजचा धागा त्याविषयी.

२/
आपल्या सामूहिक स्मृतीत परदेशगमन केलेले वैद्य आहेत, पण ते ठरावीक प्रकारचे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले. १९४२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. विद्येसाठी गेलेली आणि सेवेसाठी गेलेला, अशा दोघांना आपण पूज्य मानले. पगारी नोकरीसाठी गेलेल्या हजारोंची मात्र आपल्याकडे साधी नोंदही नाही.

३/
हे हजारो ज्या वाटेने गेले, ती वाट वसाहतकाळात आखली गेली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे. शिक्षण इंग्रजीतून, कसोट्या लंडनच्या. भारतीय पदव्यांना ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची मान्यता असे. १९३० साली प्रसूतिविषयक प्रशिक्षण अपुरे असल्याचे कारण देऊन कौन्सिलने ती काढून घेतली. येथे संताप उसळला, १९३३ च्या कायद्याने भारतीय वैद्यक परिषद स्थापन झाली आणि पुढे मान्यता परत मिळाली. स्वाभिमानाच्या त्या लढ्यातही पदवीचा कस लंडनच्या दगडावरच लावला जात होता, हे ध्यानात घ्यावे.

४/
पुढचे वळण १९४६ चे. भोर समितीच्या अहवालानुसार तेव्हा सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. डॉक्टरांपैकी जवळपास दोन तृतीयांश हे पदवीधर नव्हते, तर कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले 'लायसेन्शिएट' होते. समितीने हा अभ्यासक्रम बंद करून देशात एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडवावा, असे सुचवले. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. गावोगावच्या गरजेसाठी लायसेन्शिएट हवेत, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही.

५/
समितीचा हेतू उदात्त होता. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का मिळावा, हा तिचा प्रश्न आजही रास्त आहे. परंतु परिणाम दुहेरी झाला. नवा पदवीधर भारतातल्या खेड्यापेक्षा ब्रिटनमधल्या रुग्णालयात सहज सामावेल, असा घडू लागला. तालुक्याच्या गावी त्याला लागणारी प्रयोगशाळा, साधनसामग्री आणि प्रशिक्षित परिचारिका मात्र त्याच वेगाने उभ्या राहिल्या नाहीत.

६/
आता पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहू. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि उपचार सर्वांना मोफत झाले. मनुष्यबळ मात्र अपुरे होते. त्यातच १९५७ साली विलिंक समितीने डॉक्टर जास्त होतील असा अंदाज बांधून वैद्यकीय प्रवेश सुमारे एक दशांशाने घटवण्याची शिफारस केली. अंदाज साफ चुकला. कितीतरी ब्रिटिश डॉक्टर स्वतःच कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेकडे निघाले होते. नियोजनातली ही तूट भारत आणि पाकिस्तानातल्या तरुण डॉक्टरांनी भरून काढली.

७/
१९६२ च्या कायद्याने ब्रिटनने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर प्रथमच निर्बंध घातले. प्रवेशासाठी परवाना-पत्र लागू लागले. डॉक्टर आणि परिचारिका मात्र मान्यताप्राप्त कौशल्याच्या वर्गात बसत, म्हणून त्यांची वाट खुली राहिली. दार सर्वांसाठी बंद होत असताना गरजेपुरती फट ठेवण्याचे हे धोरण पुढे अनेक देशांनी गिरवले.

८/
या काळातला बोलका दाखला इनॉक पॉवेल यांचा. १९६० ते १९६३ ते ब्रिटनचे आरोग्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत रुग्णालये राष्ट्रकुलातून आलेल्या डॉक्टर-परिचारिकांवर चालत होती. त्याच पॉवेल यांनी २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्धचे ते कुप्रसिद्ध भाषण केले. श्रम हवेत, श्रमिक नकोत, ही वृत्ती एका माणसाच्या चरित्रात इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

९/
गेलेल्यांना कामे कोणती मिळाली? प्रतिष्ठेच्या शाखा आणि नामांकित रुग्णालये बहुधा स्थानिकांकडे राहिली. स्थानिक डॉक्टर ज्यांकडे फारसे वळत नसत, ते वृद्धरोग आणि मनोरोग विभाग दक्षिण आशियाई डॉक्टरांच्या वाट्याला आले. दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांत आणि कारखान्यांच्या गावांत त्यांनी दवाखाने सांभाळले. आज ब्रिटनमध्ये वृद्धरोग ही भरभक्कम शाखा आहे. ती उभारण्यात या 'दुय्यम' मानल्या गेलेल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे.

१०/
१९७५ साली जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची थेट मान्यता पुन्हा काढून घेतली. त्याच सुमारास परदेशी डॉक्टरांसाठी भाषा आणि वैद्यकीय ज्ञानाची चाचणी आली. ज्या 'प्लॅब'साठी आज आपले मित्र रात्री जागवतात, ती या चाचणीचीच वंशज. दार किती उघडायचे आणि केव्हा लोटायचे, हे प्रत्येक वेळी आत बसलेल्यांनी ठरवले.

११/
परिचारिकांची कथा याहून कठोर आहे. परक्याचा देह, रक्त आणि मलमूत्र हाताळणे जातिव्यवस्थेने हीन ठरवले होते. त्यामुळे सवर्ण घरांतल्या मुली या पेशाकडे फिरकत नसत आणि केरळच्या ख्रिस्ती मुलींनी तो मोठ्या संख्येने स्वीकारला. १९६०च्या दशकात चर्चच्या माध्यमातून त्यांतल्या अनेकजणी पश्चिम जर्मनीत गेल्या. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे बेरोजगारी वाढली, तेव्हा कित्येकींना परवाने वाढवून मिळाले नाहीत. ज्या रुग्णालयांना त्यांनी हात दिला, त्या देशाने त्यांना परतीची वाट दाखवली.

१२/
हा इतिहास आजच का सांगायचा? २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात आरोग्यसेवकही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली अशा भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली, पण ती ऐच्छिक आहे, बंधनकारक नाही. म्हणजे खरे संरक्षण मिळेल ते करारातल्या कलमांतूनच.

१३/
माझे मत असे : अशा करारांना सरसकट विरोध करणे योग्य नाही. जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. गावाकडच्या मुलीसाठी ही नोकरी कर्जमुक्तीची आणि स्वतंत्र आयुष्याची वाट असू शकते. पण मागच्या पिढ्या ज्या अटींवर गेल्या, त्याच अटींवर पुढची पिढी जाऊ नये. भाषाप्रशिक्षणाचा खर्च कोणाचा? येथला अनुभव तेथे मोजला जाणार, की दहा वर्षे काम केलेली परिचारिका मदतनीस म्हणून रुजू होणार? मंदी आली तर परवान्याचे काय? आणि तिला घडवणाऱ्या येथल्या प्रशिक्षण संस्थेला काय मिळणार?

१४/
'मग इथल्या रुग्णांनी काय करायचे?' हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता कामा नये. मात्र त्याचे उत्तर विमानतळावर उभ्या असलेल्या तरुणीकडे मागणे अन्यायाचे आहे. रिक्त पदे भरणे, कंत्राटी नेमणुकांऐवजी कायम नोकरी देणे आणि आरोग्यकेंद्रांत साधनसामग्री पुरवणे ही शासनाची कामे आहेत. सन्मानाने राहता येईल अशी जागा येथे असेल, तरच जाणे ही खऱ्या अर्थाने निवड ठरते.

१५/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या नात्यात, शेजारात कोणी १९६० किंवा १९७०च्या दशकात अशा नोकरीसाठी गेले असेल, तर त्यांची पत्रे, नेमणुकीचे कागद आणि जुने पारपत्र जपून ठेवा. त्यांच्याकडून तेव्हाच्या अटी समजून घ्या. पुढचा करार वाचताना काय विचारायचे, हे त्या कागदांतून उमगेल. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत. धागा समाप्त.