शाळा कोणत्या गावाची?

भंडारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेविषयी गावकऱ्यांत आपलेपणा वाढावा म्हणून पालक-मेळावे, स्नेहसंमेलने भरविली जातात. त्यांस विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ज्या गावातील सधन धान-उत्पादकांची व नोकरदारांची मुले सकाळीच गाडीत बसून शहरातील इंग्रजी शाळेकडे जातात आणि शेतमजुरांची, विडी वळणाऱ्या बायांची मुले तेवढी मागे उरतात, तेथे आपलेपणा कोणी कोणाशी जोडावयाचा? या फाळणीवर उपाय म्हणूनच कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परिसरशाळेची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निदान एक साधन हाती दिले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे तो सांगतो. पण ऐन रोवणीत सकाळी अकरा वाजता सभा बोलाविली, तर चिखलाच्या बांधीत उभ्या असलेल्या आईने यावे कसे? मजुरी बुडवून? मग इतिवृत्ताची वहीच तिच्या घरी जाते, अंगठा उमटतो आणि कायद्याचे समाधान होते! २०२३ मध्ये शासनाने वीसहून कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळांची कल्पना पुढे केली. अशा मुक्या समितीने तेव्हा आपली शाळा राखावी ती कोणत्या बळावर?

सभा रात्री, जेवणे उरकल्यावर, शाळेच्या ओट्यावर घ्यावी. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तीत अवश्य बसावे. ज्यांची स्वतःची मुले त्या गाडीतून जातात त्यांनी मात्र आधी ती उतरवून घ्यावीत.