बहात्तरचा दुष्काळ आणि पन्नाशीतला रक्तदाब

मराठवाड्यातील खेड्यांत वय सांगताना सालापेक्षा दुष्काळाचा दाखला देण्याची रीत जुनी आहे. १९७२च्या दुष्काळात जन्मलेली पिढी आता पन्नाशीपार गेली आहे. नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या तालुक्याच्या गावी या वयाच्या माणसाचा रक्तदाब वाढलेला आढळला, की त्याचे खापर मीठ, तंबाखू आणि ताणतणाव यांच्यावर फोडले जाते. ही कारणे खरीच आहेत. पण रक्तदाबाचे एक मूळ आईच्या गरोदरपणातील आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांतील आहारातही असते, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

दुष्काळात परदेशातून आलेला लाल मिलो लोकांनी खाल्ला, कामांवर सुकडी वाटली गेली. मोठ्या प्रमाणावरील भूकबळी टळले, हे श्रेय शासनाला द्यावेच लागेल. मात्र पोट भरणे आणि पोषण होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या गरोदर बाईच्या वाट्याला डाळ आणि दूध किती आले असेल?

प्रथिनांच्या या तुटीची किंमत गर्भाचे मूत्रपिंड मोजते. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, जन्मापूर्वीच तयार होतात. नंतर त्यांत भर पडत नाही. त्या कमी असल्या तर प्रत्येकीवर अधिक भार येतो, मीठ बाहेर टाकण्याची क्षमता घटते आणि दाब चढतो, अशी मांडणी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये केली. कमी प्रथिनांच्या आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्यांची पिल्ले मोठेपणी वाढत्या रक्तदाबाची निघतात, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. रक्तवाहिन्या आखडवणारी मज्जासंस्थाही त्यांच्यात अधिक उत्तेजित असते.

माणसांतील पुरावा अर्थातच इतका सरळ नाही. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये कमी जन्मवजनाचा हृदयविकाराच्या मृत्यूंशी संबंध दाखवला. जमैकात बालपणी तीव्र कुपोषणातून वाचलेल्या प्रौढांची तपासणी झाली. २०१४ मधील त्या अहवालानुसार त्यांच्या हृदयातून रक्त बाहेर पडण्याचा मार्ग अरुंद, रक्तवाहिन्यांचा विरोध जास्त आणि खालचा रक्तदाब चढा होता. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. ही बाळे दिसायला किडकिडीत असली, तरी त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकून होती. अशा मुलाचे वजन पुढे झपाट्याने वाढले, तर धोका आणखी वाढतो. शहरात आलेल्या पहिल्या पिढीने हे विशेष ध्यानात घ्यावे.

हा प्रश्न बहात्तरपुरताही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके खुरटलेली आढळली. विसंगती अशी, की नांदेड-लातूरच्या शिवारात सोयाबीन उदंड पिकते. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. पण दाणे तेल गिरणीला आणि पेंड कोंबड्यांना जाते. ज्या रानात सोयाबीन आले, तेथील ज्वारी आणि तिच्यातील मूग-उडदाचे आंतरपीक मागे पडले.

२००५ मध्ये औरंगाबादेत सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ अभियानाने गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. दिशा अचूक होती. गरोदर स्त्रियांना ताजे जेवण देणारी २०१५ ची अमृत आहार योजना मात्र अनुसूचित क्षेत्रापुरती. नांदेडमध्ये किनवटकडील गावे त्यात येतात, उमरी येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तर शाळांतील अंड्यांसाठीचा राज्याचा निधीच थांबवण्यात आला. पन्नास कोटींच्या आसपासची ही बचत पुढे डायलिसिसच्या खर्चात वळती होणार नाही, याची हमी कोण देणार?

तिशीनंतरच्या रक्तदाब तपासणीसाठी आशा कार्यकर्ती जो तक्ता भरते, त्यात तंबाखू, कमरेचा घेर, कुटुंबातील आजार विचारले जातात. जन्मवजन त्या पिढीला ठाऊक नसणार; पण ‘जन्म दुष्काळातला का?’ या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्यात कोणीही देऊ शकेल. तो रकाना वाढवायला खर्चही फारसा नाही.